ग्लिसरीनचे कूळ आणि मूळ

थंडी पडू लागली की घराघरांतील फडताळातून एक लहानशी बाटली बाहेर येते. पाण्यासारखी रंगहीन, मधासारखी दाट, वास नसलेली वस्तू. टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले, भांडी घासून हात खरखरीत झाले, की गुलाबपाण्यात चार थेंब मिसळून लावायचे. आजीने आईला सांगितले, आईने मुलीला. ही वस्तू येते कोठून, असा प्रश्न तीन पिढ्यांत कोणाला पडला नाही.

आता पडू लागला आहे. केकच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘ह्युमेक्टंट ४२२’ असे छापलेले असते. ते वाचणारी सून घरात आली आहे. टूथपेस्टची नळी भिंगाखाली धरणारे आजोबाही आहेत. मग औषधांच्या दुकानात विचारणा होते, ‘हे ग्लिसरीन शाकाहारी आहे ना?’ दुकानदार बहुधा ‘हो’ म्हणतो. कित्येकदा तो दुकानदारही आपल्याच समाजातला असतो, आणि त्याने ते ‘हो’ घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दावर म्हटलेले असते. घाऊक व्यापाऱ्याने ते कोणाच्या शब्दावर म्हटले, हे विचारत मागे मागे गेले की एक विलक्षण गोष्ट हाती लागते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ग्लिसरीनच्या बाबतीत नेमके हे दोन्ही शोधावे लागतात, आणि ते डोळ्यांनी शोधता येत नाहीत.

ग्लिसरीनचा शोध एका औषधविक्याच्या खलबत्त्यात लागला. कार्ल विल्हेल्म शेले हा स्वीडनमधील औषधविक्या १७७९ साली ऑलिव्हचे तेल आणि मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे भस्म, एकत्र उकळीत होता. शिशाचा मलम त्या काळी असाच करीत. मलम वेगळा झाल्यावर उरलेल्या पाण्याला गोड चव आली. शेलेला प्रत्येक पदार्थ जिभेवर ठेवून पाहण्याची खोड होती आणि तो अवघ्या ४३ व्या वर्षी गेला. या वेळी मात्र जिभेने दगा दिला नाही. त्याने या पदार्थाला ‘तेलातील गोड सत्त्व’ असे काहीसे नाव दिले. पुढे फ्रान्सचा मिशेल शेव्हरल याने ग्रीक भाषेतील ‘गोड’ या अर्थाच्या ‘ग्लिकुस’ शब्दावरून ‘ग्लिसरीन’ हे नाव रूढ केले. हा शेव्हरल शेलेच्या अगदी उलट, १०२ वर्षे जगला. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने प्रथमच स्पष्ट केले की तेल, तूप, चरबी या साऱ्यांची घडण एकच आहे. तो ग्रंथ प्राणिजन्य स्निग्ध पदार्थांवर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ती घडण समजली की पुढचे सारे समजते. शेंगदाण्याचे तेल असो, खोबऱ्याचे असो, गाईचे तूप असो की खाटकाकडची चरबी असो, प्रत्येकाचा कण म्हणजे एक दांडी आणि तिला लटकलेल्या तीन साखळ्या. साखळ्या म्हणजे स्निग्धाम्ले. त्या तेलागणिक बदलतात. म्हणून खोबरेल थंडीत गोठते आणि करडईचे तेल गोठत नाही. दांडी मात्र सर्वत्र तीच. ती दांडी म्हणजे ग्लिसरीन. साखळ्या तोडल्या की ती मोकळी होते. मोकळी झालेली दांडी तेलकट राहत नाही. ती पाण्यात वाटेल त्या प्रमाणात मिसळते, इतकेच नव्हे तर हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणूनच तिला ‘ओलावा धरणारा पदार्थ’ म्हणून खाद्यपदार्थांत आणि प्रसाधनांत मान आहे. पाण्याहून ती सव्वापट जड आहे आणि साखरेच्या निम्म्याहून थोडी अधिक गोड. शुद्ध ग्लिसरीन न मिसळता त्वचेवर थापले तर ते त्वचेतलेच पाणी ओढते आणि आग होते. आजीचे गुलाबपाणी नुसते सुवासासाठी नव्हते.

ही दांडी मोकळी करण्याचा सर्वांत जुना कारखाना म्हणजे साबणाची कढई. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्यात शिजवली की साखळ्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे पडते. मग कढईत मीठ टाकतात. साबण फुटून वर तरंगतो, खाली खारट, मळकट पाणी राहते. जुन्या काळी कित्येक कारखाने हे पाणी गटारात सोडून देत. पुढे ते आटवून, निर्वात पात्रात उकळून त्यातून स्वच्छ ग्लिसरीन काढण्याची रीत बसली आणि ‘टाकाऊ’ची किंमत कळली. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन निघते. घरी केलेल्या साबणात ते आतच राहते; मोठ्या कारखान्याच्या वडीतून ते बरेचसे काढून घेतलेले असते. कातडी कोरडी करणारा साबण एका दुकानातून घ्यायचा आणि मग त्याच कढईतले ग्लिसरीन घातलेले क्रीम दुसऱ्या डबीतून विकत घ्यायचे, हा व्यापार मोठ्या हुशारीचा आहे, यात शंका नाही.

साबण नको असेल तर दाबाखालच्या गरम पाण्याने तेल फोडतात. तेथेही दांडी मोकळी होते. बायोडिझेल करताना तेलावर मेथॅनॉलची क्रिया करतात, तेथेही तेच. गेल्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेत बायोडिझेलचे कारखाने इतके वाढले की जगाच्या बाजारात कच्च्या ग्लिसरीनचा पूर आला आणि भाव कोसळले. १९४८ पासून अमेरिकेत खनिज तेलापासून ग्लिसरीन तयार होत होते. त्या कृत्रिम मालाला या पुरात फारशी जागा उरली नाही. आज भारतात जे ग्लिसरीन बाहेरून येते त्यातले पुष्कळ इंडोनेशिया-मलेशियातील पाम तेलाचे असते. परंतु युरोपातील बायोडिझेल मोहरीवर्गीय तेलाबरोबर वापरलेल्या तळणतेलापासून आणि कत्तलखान्यांतील चरबीपासूनही होते, हे विसरून चालत नाही.

म्हणजे ग्लिसरीनची कुळे तीन झाली: वनस्पती, प्राणी आणि खनिज. आणि शुद्ध झाल्यावर तिन्हींचा कण तंतोतंत एकच. गाईच्या चरबीतून आलेली दांडी आणि नारळातून आलेली दांडी यांत रंग, चव, वजन, उत्कलन, कशातही फरक नाही. ज्या वस्तूची परीक्षा वस्तूकडे पाहून होत नाही, तिची परीक्षा ती देणाऱ्याकडे पाहूनच करावी लागते.

चरबीचा व्यापार हा आपल्या परंपरेला अनोळखी विषय नाही. हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांतील रसवाणिज्यात लोणी, चरबी, मध आणि मद्य यांची विक्री येते. त्याच यादीत यंत्रपीडनही आहे, म्हणजे घाण्याने तेल काढणे. शास्त्र काटेकोरपणे घेतले तर वनस्पतिजन्य ग्लिसरीनही अगदी निर्दोष ठरत नाही, असे एखादा विचक्षण श्रावक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. व्यवहारात मात्र बहुतेक घरांनी रेषा चरबीपाशी आखली आहे.

भारतात ही रेषा एका मोठ्या धक्क्याने ठळक झाली. पूर्वी साबणाच्या कारखान्यांत आयात चरबी सर्रास वापरली जात असे. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेल्या गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले. संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने त्या चरबीच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हापासून येथील मोठ्या साबण कारखान्यांची भिस्त पाम, खोबरे, कोंडा यांच्या तेलांवर आली आणि त्याबरोबर त्यांच्या ग्लिसरीनचे कूळही बदलले. काहींनी हा मार्ग फार आधी धरला होता. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत ‘चावी’ छापाचा धुण्याचा साबण वनस्पती तेलापासून काढला, तेव्हा चरबीविरहित साबण ही जाहिरातीत सांगण्यासारखी नवलाची बाब होती. आज देशात तयार होणारे बहुतांश ग्लिसरीन वनस्पतीचे आहे असे मानण्यास आधार आहे. प्रत्येक पिंप तसेच आहे असे मानण्यास नाही.

कायदा येथे काही अंतर चालतो आणि थांबतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण २००१ पासून सक्तीची आहे. दूध, मध यांसारखे काही अपवाद वगळता प्राण्यापासून आलेला घटक असेल तर ती छापता येत नाही. तेथे तपकिरी खूण लागते, आणि आता तिचा आकार त्रिकोणी आहे. नुसता ४२२ हा आकडा मूळ सांगत नाही, तो केवळ पदार्थ सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका गोरक्षण संस्थेच्या याचिकेवर आदेश देताना हेच म्हटले की सांकेतिक आकडा पुरेसा नाही. घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हे ग्राहकाला कळले पाहिजे, मग त्याचे प्रमाण कितीही थोडे असो. तेव्हा हिरवी खूण असलेल्या केकमधील ग्लिसरीनविषयी घरात वाद घालण्याचे फारसे कारण नाही. हलाल किंवा कोशर प्रमाणपत्र मात्र शाकाहाराचे प्रमाणपत्र नव्हे, हा गैरसमज अनेक ठिकाणी आढळतो.

औषधांचे तसे नाही. २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जीवनरक्षक औषधे वगळून इतर औषधांवर व प्रसाधनांवर प्राणिजन्य घटकांची खूण असावी असा आदेश दिला होता. साबण-उत्पादकांच्या संघटनेसह इतरांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो रद्द केला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर हिरवी खूण शोधणाऱ्याला ती सक्तीने मिळणार नाही. साबण आणि क्रीमवर पुष्कळ कंपन्या ती छापतात. औषधाबाबत कंपनीला पत्र लिहून विचारणे एवढाच मार्ग उरतो, आणि कंपन्या उत्तरे देतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

ग्लिसरीनचे उपयोग मोजू लागले तर यादी संपणार नाही. बडीशेपेच्या गोड मुखवासापासून शाईपर्यंत, टूथपेस्टपासून पारदर्शक साबणापर्यंत ते सर्वत्र आहे. बोरॅक्समध्ये कालवून ते तोंडाच्या फोडांना लावतात, लहान मुलांच्या बद्धकोष्ठावर त्याच्या वाती मिळतात. चित्रपटातील नायिकेच्या डोळ्यांतून ते अश्रू होऊन वाहते. राजकीय भाषणांत ‘ग्लिसरीनचे अश्रू’ हा शब्दप्रयोग तेथूनच आला. आणि महाराष्ट्रात त्याचे आणखी एक रूप ठाऊक आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावच्या सभांत मंत्राने होम पेटवून दाखवतात. बुवा समिधांवर ‘तूप’ सोडतो आणि काडी न लावता ज्वाळा उठते. ते तूप म्हणजे ग्लिसरीन असते आणि समिधांत आधीच पोटॅशियम परमँगनेटचे खडे दडवलेले असतात. हा प्रयोग पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट कायमची कळते: ग्लिसरीन तुपाचे सोंग उत्तम वठवते.

त्याच्या अंगी असलेल्या अग्नीचा इतिहास याहून मोठा आहे. १८४७ साली तुरीन येथील आस्कानिओ सोब्रेरो याने ग्लिसरीनवर नत्राम्लाची क्रिया करून नायट्रोग्लिसरीन बनवले आणि त्याच्या स्फोटाने तो स्वतःच हादरला. आल्फ्रेड नोबेलने ते कारखान्यात करायला घेतले. १८६४ च्या स्टॉकहोममधील स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला. तीन वर्षांनी त्याने हे द्रव एका सच्छिद्र मातीत मुरवून डायनामाइट काढले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील गृहिणींना स्वयंपाकात उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन देण्याचे आवाहन होते, कारण त्यातील ग्लिसरीन दारूगोळ्यासाठी हवे होते. आणि हेच नायट्रोग्लिसरीन १८७९ पासून हृदयशूळावर औषध म्हणूनही दिले जाऊ लागले. लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. उतारवयात खुद्द नोबेलला डॉक्टरांनी तेच घ्यायला सांगितले आणि या योगायोगाची गंमत त्याने पत्रात लिहून ठेवली. एकच पदार्थ मारतो आणि तारतो, असे पुष्कळ पदार्थांविषयी म्हणता येते. ग्लिसरीनची खरी परीक्षा मात्र स्फोटात झाली नाही; ती व्यापाऱ्याच्या गोदामात झाली.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एकामागून एक रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून दगावू लागले. डोळ्यांतील किंवा मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले होते. ही उपचारपद्धती जुनी आणि मान्य होती. चौदा जण गेले. बाटल्यांत ग्लिसरीनबरोबर डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव सापडले. हे कारखान्यांत वापरले जाणारे रसायन दिसायला ग्लिसरीनसारखेच दाट आणि रंगहीन, चवीला गोड, आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडांचा नाश करणारे. औद्योगिक प्रतीचे ग्लिसरीन औषधी प्रतीचे म्हणून रुग्णालयात पोहोचले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीची पद्धत, परवाने देणारे, तपासणारे आणि राजकारणी या सर्वांवर कोरडे ओढले, आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. आयोगासमोरील साक्षींतून एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि प्रत्येक हाताने मागच्या हातावर विश्वास ठेवला किंवा तसे भासवले.

मस्जिद बंदर, वडगादी, प्रिन्सेस स्ट्रीट या मुंबईच्या रसायन आणि औषध बाजारांशी ज्यांच्या पेढ्यांचा संबंध आहे, त्यांना हा प्रवास नव्याने सांगायला नको. अडीचशे किलोचे पिंप येते. ते फोडून लहान कॅनमध्ये भरतात, कॅनवर नवे लेबल लागते. उत्पादकाचे नाव पिंपावर राहते आणि पिंप भंगारात जाते.

याच वाटेने पुढे हैतीत १९९६ च्या सुमारास ऐंशीहून अधिक मुले तापाच्या औषधाने मृत्यू पावली, आणि त्यानंतर दहा वर्षांनी पनामात त्याची पुनरावृत्ती झाली. पनामाचा प्रसंग व्यापाऱ्याने विस्ताराने समजून घ्यावा असा आहे. चीनमधील एका कारखान्यातून ‘टीडी ग्लिसरीन’ नावाची ४६ पिंपे निघाली. ‘टीडी’ हे ‘तिदाई’ या चिनी शब्दाचे संक्षिप्त रूप, आणि त्याचा अर्थ ‘बदली’, म्हणजे खऱ्याच्या जागी चालणारे. बीजिंगच्या व्यापारी कंपनीने ती बार्सिलोनाच्या दलालाला विकली, त्याने पनामाच्या दलालाला, त्याने सरकारी औषधनिर्मिती विभागाला. माल ९९.५ टक्के शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र मालाबरोबर प्रवास करीत होते. प्रत्येक टप्प्यावर ते नव्या कंपनीच्या कागदावर उतरवले गेले आणि या उतरवण्यात कारखान्याचे नाव गळून गेले. वाटेत ‘टीडी’ ही दोन अक्षरेही गळाली. मुदतीची तारीख बदलली गेली. तीन खंडांच्या या प्रवासात कोणी एकाही पिंपातला नमुना तपासला नाही. त्यातून खोकल्याच्या आणि सर्दीच्या औषधाच्या सुमारे दोन लाख साठ हजार बाटल्या भरल्या गेल्या. शंभरांहून अधिक माणसे मेली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. चोरीला प्रोत्साहन, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि खोटी मापे यांच्यानंतर पाचवा येतो तो प्रतिरूपक व्यवहार: अस्सलाच्या जागी तसेच दिसणारे दुसरे देणे. पाठशाळेत हा शब्द पाठ करताना मुलांपुढे दुधातले पाणी आणि तुपातले डालडा ही उदाहरणे ठेवली जातात. ‘तिदाई’ हा त्याचा जवळजवळ शब्दशः अनुवाद आहे. आणि चरबीचे ग्लिसरीन वनस्पतीचे म्हणून विकणे, औद्योगिक ग्लिसरीन औषधी म्हणून विकणे, हे दोन निरनिराळे दोष नाहीत. पहिल्याने व्रत मोडते, दुसऱ्याने जीव जातो. पण गोदामात दोन्हींची कृती एकच असते, ती म्हणजे कागद न पाहता, किंवा पाहूनही, ‘हो’ म्हणणे.

तपासता येत नाही काय? काही प्रमाणात येते. शुद्ध ग्लिसरीनचे एक लिटर सुमारे १,२६० ग्रॅम भरते, डायइथिलीन ग्लायकॉलचे सुमारे १,१२०. म्हणजे भरलेल्या कॅनचे वजन शंका उत्पन्न करू शकते. परंतु पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनचेही वजन तितकेच उतरते, म्हणून तराजूवर निकाल लागत नाही. निकाल देते ते गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र. औषधी ग्लिसरीनमध्ये या विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही, आणि तेवढे सूक्ष्म प्रमाण यंत्रच सांगू शकते. चाचणीचा खर्च एका पिंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. यंत्राला कूळ मात्र कळत नाही. वनस्पती की प्राणी, हे त्याच्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी उत्पादकाचे स्वाक्षरीचे लेखी निवेदन, त्यावरील बॅच क्रमांक आणि पिंपावरचा बॅच क्रमांक एकच आहे का, हे पाहण्यापलीकडे उपाय नाही. नव्या नावाच्या कागदावर उतरवून दिलेले प्रमाणपत्र न स्वीकारता मूळ उत्पादकाचेच मागावे. पिंपातून कॅनमध्ये भरताना मूळ नाव आणि क्रमांक कॅनवर उतरवावा. चार पिढ्यांच्या पेढ्यांत आवक-जावक वहीत एवढे काटेकोर लिहिण्याची शिस्त होती. संगणक आल्यावर ती उलट ढिली झाली आहे, अशी जुन्या मेहताजींची तक्रार असते.

घरासाठी सांगायचे ते थोडे आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी लहान बाटली बहुधा ‘बाह्य उपयोगासाठी’ असते. ती केकच्या आयसिंगमध्ये किंवा घरगुती खोकल्याच्या काढ्यात घालू नये, मग तिचे कूळ कितीही निर्मळ असो. पदार्थात घालायचे ग्लिसरीन खाद्य प्रतीचे, हिरव्या खुणेचे आणि परवाना क्रमांक असलेलेच घ्यावे. मुलांच्या खोकल्याच्या औषधाबाबत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक मुले अशाच औषधाने गेली. त्यांतील काहींना उपचारासाठी नागपुरात आणले होते. तेथे द्रावक ग्लिसरीन नव्हते, त्याचे भावंड म्हणावे असे प्रोपिलीन ग्लायकॉल होते. विष मात्र जे. जे. मधलेच होते.

पनामातील मृत्यूंनंतर काही महिन्यांनी, मे २००७ मध्ये, त्याच शहरात एदुआर्दो आरियास नावाचा एक मध्यम हुद्द्याचा सरकारी नोकर सुटीच्या दिवशी एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात शिरला. तो कुना या आदिवासी जमातीचा. दुकानात टूथपेस्टच्या नळ्या मांडल्या होत्या. त्याने एक उचलून तिच्यावरची अक्षरे वाचली आणि खोकल्याच्या औषधाच्या बातम्यांत वाचलेला एक शब्द त्याला दिसला. ५९ सेंट देऊन त्याने ती नळी घेतली आणि आरोग्य खात्याच्या कचेरीत गेला. तेथून त्याला दुसऱ्या कचेरीत पाठवले, दुसरीतून तिसरीत. अखेर तक्रार नोंदली गेली, तपासणी झाली आणि तीसहून अधिक देशांतून ती टूथपेस्ट दुकानांतून उचलावी लागली. महाग ग्लिसरीनऐवजी तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल घातलेले होते. कोणी ते लपवले नव्हते. ते नाव नळीवर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत छापलेलेच होते.